ओल्या कापडावर ओला बाथ: वेट-ऑन-वेट पॅडिंगमध्ये केमिकलचा हिशेब

कोरडं कापड पॅडमध्ये, म्हणजे केमिकलच्या द्रावणात बुडवून रोलमध्ये पिळणाऱ्या मशीनमध्ये, घालायचं असेल तर हिशेब दोन ओळींत संपतो. किलोभर कापडावर ३० ग्रॅम पेरॉक्साइड हवं आहे आणि पिकअप १०० टक्के आहे, म्हणजे एक किलो कापड एक लिटर लिकर (केमिकलचं द्रावण) घेऊन बाहेर पडणार. मग बाथ लिटरला ३० ग्रॅमचा बनवायचा. तोच ट्रफमध्ये (कापड बुडतं त्या कुंडात) भरायचा आणि पातळी उतरली की तोच वरून सोडायचा.

कापड वॉशरमधून धुऊन, पिळून, न वाळवता थेट केमिकलच्या ट्रफमध्ये येत असेल, म्हणजेच वेट-ऑन-वेट असेल, तर हाच हिशेब फसवतो. आणि फसवतो तोही उशिरा. मी शिकत होतो तेव्हा ब्लीचिंगच्या एका लॉटला कोरड्या कापडाचीच रेसिपी लावली होती. सुरुवातीच्या मीटरांतून कापलेला नमुना ठीक निघाला, सगळे निर्धास्त झाले. उरलेलं सगळं कापड पिवळट आलं. असं का झालं हे कळायला मला बरेच दिवस लागले. नव्या माणसाला तेवढे दिवस लागू नयेत, म्हणून सगळा हिशेब इथे आकड्यांसकट मांडतो.

ट्रफमध्ये नेमकं काय होतं

पिळून आलेल्या कापडात पाणी असतंच. सुती कापड मँगलमधून (पिळणाऱ्या रोलांमधून) चांगलं पिळलं तरी स्वतःच्या वजनाच्या साधारण ५५ ते ६५ टक्के पाणी अंगात ठेवतं. असं कापड ट्रफमध्ये बुडतं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी होतात. कापड आणखी लिकर उचलतं, आणि आधीचं पाणी काही प्रमाणात ट्रफमध्ये सोडून त्याच्या जागी लिकर घेतं. पहिल्या गोष्टीमुळे ट्रफची पातळी उतरते, दुसरीमुळे ट्रफमधली लिकर पातळ होते.

म्हणजे ट्रफमध्ये सतत साधं पाणी येत असतं. ते कोणी नळाने सोडत नाही, कापडच आणतं. हे पाणी गृहीत धरून, पातळी राखायला टाकीतून वरून येणारं द्रावण, म्हणजे फीड, ट्रफपेक्षा तीव्र ठेवावं लागतं. इथे टाकीतलं फीड आणि ट्रफमधला बाथ या दोन वेगळ्या तीव्रता आहेत, दोन्ही वेगवेगळ्या काढायच्या असतात. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं साधं गणित आहे.

आधी मोजमाप

तीन आकडे हातात हवेत: कापड मिनिटाला किती किलो जातं, आत येताना त्यात किती पाणी आहे, आणि बाहेर पडताना किती लिकर आहे.

पहिला आकडा सोपा आहे. कापड २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), रुंदी १.६० मीटर, वेग मिनिटाला ६० मीटर. ०.२०० गुणिले १.६० गुणिले ६० म्हणजे मिनिटाला १९.२ किलो. जीएसएम मात्र प्रक्रियेच्या त्या टप्प्यावरचा घ्या. कांजी निघालेल्या कापडाचं वजन ग्रे, म्हणजे मागावरून आलेल्या कच्च्या, कापडापेक्षा कमी असतं. ऑर्डरच्या कागदावरचा जीएसएम बहुतेक वेळा तयार मालाचा असतो, तो इथे चालत नाही.

पिकअप मोजताना नवे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणि इथली चूक पुढे कितीतरी पटीने वाढते, म्हणून जरा थांबून सांगतो. मशीन थांबवून ट्रफच्या आधीच्या पिळणीनंतर एक तुकडा कापा आणि ट्रफनंतरच्या पिळणीनंतर दुसरा. कापल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. दोन मिनिटं उघडं राहिलं तरी वजन उतरतं. पिशवीसकट तोला, पिशवीचं वजन वजा करा. मग तुकडा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. ट्रफनंतरचा तुकडा वाळवण्याआधी स्वच्छ पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर त्यावर बसलेलं केमिकलही कापडाच्या वजनात धरलं जाईल. ओलं वजन ३२.० ग्रॅम आणि कोरडं २०.० ग्रॅम असेल तर आतलं पिकअप ६० टक्के. बाहेरच्या, तेवढ्याच कोरड्या वजनाच्या तुकड्याचं ओलं वजन ४०.० ग्रॅम भरलं तर बाहेरचं पिकअप १०० टक्के.

डावी किनार, मध्य आणि उजवी किनार, तिन्ही ठिकाणचे तुकडे घ्या. सरासरी हिशेबासाठी लागते, पण मला त्या तिघांतला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. किनारीला ६० आणि मध्यावर ६८ असेल तर आधी मँगलचा दाब आणि रोलचं रबर बघा. अशा मँगलवर केलेला कुठलाही हिशेब फक्त सरासरीपुरता खरा असतो.

एक बारकावा आहे. ओव्हनमध्ये वाळवलेलं सुती कापड हवेत ठेवल्यावर साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा परत घेतं. जीएसएम हवेतल्या कापडावर आणि पिकअप ओव्हनमधल्या वजनावर काढलं तर दोन आकड्यांचा पाया वेगळा होतो. कोणताही एक पाया धरा, पण सगळीकडे तोच धरा. पुढच्या उदाहरणात सगळे आकडे एकाच पायावरचे आहेत.

फीडची तीव्रता

बाहेरच्या पिकअपमधून आतलं वजा केलं की निव्वळ पिकअप मिळतं. आपल्या उदाहरणात १०० वजा ६०, म्हणजे ४० टक्के. एक किलो कापडामागे ट्रफमधून खरोखर कमी होणारी आणि वरून भरावी लागणारी लिकर फक्त ०.४ लिटर. कापडावर जायचं सगळं केमिकल याच ०.४ लिटरमधून आलं पाहिजे, दुसरीकडून ते येणारच नाही.

म्हणून सूत्र असं: फीडची तीव्रता म्हणजे कापडावर हवे असलेले किलोमागचे ग्रॅम भागिले निव्वळ पिकअप (लिटर प्रति किलो).

समजा किलोमागे ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड ३० ग्रॅम, शंभर टक्के शुद्ध धरून कॉस्टिक सोडा १२ ग्रॅम, स्टॅबिलायझर ८ ग्रॅम आणि वेटिंग एजंट ४ ग्रॅम हवा आहे. प्रत्येकाला ०.४ ने भागा. फीडमध्ये लिटरला पेरॉक्साइड ७५, कॉस्टिक ३०, स्टॅबिलायझर २० आणि वेटिंग एजंट १० ग्रॅम आले.

फीड किती लागेल? १९.२ गुणिले ०.४, म्हणजे मिनिटाला ७.६८ लिटर, तासाला सुमारे ४६१ लिटर. ताळा लगेच करून बघा: ७.६८ लिटरमधून मिनिटाला कॉस्टिक जातं २३०.४ ग्रॅम, आणि १९.२ किलोला १२ ग्रॅमप्रमाणे लागतंही २३०.४ ग्रॅम. दोन्ही बाजू जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

पाण्याची ट्रफमध्ये किती अदलाबदल होते, हा प्रश्न या सूत्रात आलाच नाही, हे लक्षात घ्या. अदलाबदल पूर्ण होवो की अर्धवट, मशीन एकदा स्थिर झालं की जेवढं केमिकल वरून येतं तेवढंच कापडावर जातं. फीडचा हिशेब निव्वळ पिकअपवर उभा असतो. अदलाबदलीचा संबंध येतो तो ट्रफशी.

आधीच्या प्रक्रियेतून कापडावर काही उरून येत असेल तर ते वजा करा. स्कावरिंगनंतर (कॉस्टिकमधल्या धुलाईनंतर) कापडावर किलोमागे २ ग्रॅम कॉस्टिक शिल्लक असेल तर फीडमध्ये १२ ऐवजी १० ग्रॅमचाच हिशेब, म्हणजे लिटरला २५ ग्रॅम.

ट्रफ कशाने भरायचा

मशीन सुरू करण्याआधी ट्रफ भरावा लागतो. तो फीडनेच भरला तर सुरुवातीचं कापड भलत्याच तीव्र लिकरमधून जातं. ट्रफमध्ये सुरुवातीपासून तीच तीव्रता हवी, जी चालू मशीनमध्ये पुढे आपोआप टिकून राहणार आहे.

ती काढायला अदलाबदलीचा गुणक लागतो. कापडाने आणलेल्या पाण्यातला किती भाग ट्रफच्या लिकरमध्ये मिसळतो, तो हा गुणक. सगळं पाणी मिसळलं तर १, काहीच मिसळलं नाही तर ०. तो कापडाची जाडी, बुडण्याचा वेळ, डिपची (बुडवण्याची) संख्या, वेग आणि तापमान यांवर ठरतो. पातळ कापड, हळू वेग आणि दोन डिप असतील तर तो १ कडे जातो. ड्रिलसारखं जाड कापड एकाच डिपमधून वेगाने जात असेल तर खाली येतो. नव्या मशीनवर मी ०.७ धरून सुरुवात करतो आणि नंतर टायट्रेशनने (बाथमधल्या केमिकलची तीव्रता मोजण्याच्या चाचणीने) दुरुस्त करतो. ते कसं, पुढे येतंच.

गुणक ०.७ असेल तर आत आलेल्या ०.६ लिटर पाण्यातला ०.३ भाग, म्हणजे ०.१८ लिटर, कापडातच राहून जातो. बाहेर पडणाऱ्या १.० लिटरपैकी उरलेले ०.८२ लिटर ही ट्रफची खरी लिकर. याला आपण प्रभावी पिकअप म्हणू. कापडावर ३० ग्रॅम हवेत, म्हणून ट्रफमध्ये ३० भागिले ०.८२, म्हणजे लिटरला ३६.६ ग्रॅम पेरॉक्साइड. त्याच रीतीने कॉस्टिक १४.६, स्टॅबिलायझर ९.८ आणि वेटिंग एजंट ४.९.

गुणक पूर्ण १ असता तर ट्रफमध्ये ३० ग्रॅम आले असते, ० असता तर ७५, म्हणजे फीडइतकेच. तुमचं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये नसेल तर कुठेतरी भागाकार उलटा झाला आहे.

ट्रफसाठी वेगळी रेसिपी तोलत बसायची गरज नाही. सगळे घटक एकाच प्रमाणात पातळ होतात आणि ते प्रमाण म्हणजे निव्वळ पिकअप भागिले प्रभावी पिकअप. ०.४ भागिले ०.८२ म्हणजे ०.४९. ट्रफ ६० लिटरचा असेल तर सुमारे २९ लिटर फीड आणि ३१ लिटर पाणी, झाला सुरुवातीचा बाथ. कापड उरलेलं कॉस्टिक घेऊन येणार असेल तर ते पहिल्या भरणीत अजून आलेलं नसतं, म्हणून तेवढ्यापुरतं थोडं कॉस्टिक वेगळं घाला आणि टायट्रेशनने खात्री करा.

चुकलं तर कापडावर काय दिसतं

हेच आकडे घेऊन तीन प्रसंग बघू. स्थिर तीव्रतेकडे जायला ट्रफला लागणारा वेळ म्हणजे ट्रफचं आकारमान भागिले मिनिटाला बाहेर जाणारी ट्रफची लिकर. ०.८२ गुणिले १९.२ म्हणजे मिनिटाला १५.७ लिटर. ६० भागिले १५.७ म्हणजे ३.८ मिनिटं. एवढ्या वेळात तफावत मूळच्या ३७ टक्क्यांवर येते आणि त्याच्या तिप्पट वेळात ५ टक्क्यांवर. ताशी हिशेबात ही साडेअकरा मिनिटं काहीच नाहीत, पण मिनिटाला ६० मीटर वेगाने तेवढ्यात जवळजवळ ६९० मीटर कापड निघून गेलेलं असतं.

ट्रफ फीडनेच भरला, तर अगदी पहिल्या कापडावर ३० ऐवजी ६१.५ ग्रॅम पेरॉक्साइड बसतं. २३० मीटरनंतरही ते ४२ च्या आसपास असतं. त्याच पटीत कॉस्टिकही जास्त, म्हणजे कापडाची ताकद जाण्याचा धोका समोरच्या टोकाला.

ट्रफमध्ये नुसतं पाणी ठेवून मशीन चालवलं, तर समोरचे शेकडो मीटर अर्धे कच्चे राहतात.

तिसरा प्रसंग मी सुरुवातीला सांगितला तो. ट्रफमध्ये ३० आणि टाकीतही ३०, म्हणजे कोरड्या कापडाचीच रेसिपी. पहिल्या मीटरला कापडावर २४.६ ग्रॅम बसतात. थोडे कमी, पण नमुना चालून जातो. पुढे ट्रफ पातळ होत जातो आणि लिटरला १४.६ ग्रॅमवर स्थिरावतो. कापडावर उरतात फक्त १२ ग्रॅम. हवे होते ३०. नमुना नेहमी समोरच्या टोकाचा कापला जातो आणि चूक त्याच्या मागच्या सगळ्या कापडात असते. म्हणून वेट-ऑन-वेटमध्ये निर्णयाचा नमुना मशीन चालू होऊन १५ मिनिटं झाल्यावरचाच घ्यावा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

किलो आणि लिटर

हिशेब बरोबर येऊनही टाकी चुकते ती इथे. ५०० लिटर फीड बनवायचं आहे. पेरॉक्साइड ७५ गुणिले ५००, म्हणजे ३७.५ किलो. ५० टक्क्यांच्या पेरॉक्साइडची घनता सुमारे १.१९५ असते, म्हणून मापाने घ्यायचं तर ३१.४ लिटर. कॉस्टिक ३० गुणिले ५००, म्हणजे शंभर टक्के धरून १५ किलो. हातात ५० टक्क्यांची लाय (कॉस्टिकचं द्रावण) असेल तर ती ३० किलो. तिची घनता सुमारे १.५२५, म्हणून मापाने १९.७ लिटर.

३० किलोच्या जागी ३० लिटर ओतले तर टाकीत जवळजवळ २३ किलो कॉस्टिक गेलं, म्हणजे निम्म्याहून जास्त जादा. रेसिपीच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे किलो की लिटर, आणि किती टक्क्यांचं, हे लिहिलेलंच असावं. नुसता ‘कॉस्टिक ३०’ असा कागद हातात आला तर तो परत करून विचारा.

बनवताना लाय पाण्यात हळूहळू घाला. पाणी कधीच लायमध्ये ओतू नका, ती उसळून अंगावर येते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका. पेरॉक्साइड आणि कॉस्टिकचे तीव्र साठे एकमेकांत मिसळायचे नसतात. आधी टाकीत बहुतेक पाणी, मग स्टॅबिलायझर, मग कॉस्टिक, ढवळून थंड झाल्यावर शेवटी पेरॉक्साइड. फीड ट्रफपेक्षा दुपटीने तीव्र असल्यामुळे ते टाकीत जास्त वेळ टिकत नाही. शक्य असेल तर पेरॉक्साइड आणि अल्कली दोन वेगळ्या लाइनींनी ट्रफपर्यंत न्या. तसं करताना दोन्ही लाइनींचे लिटर मिळून ०.४ मध्येच बसले पाहिजेत, हे विसरू नका.

टायट्रेशनने हिशेब तपासणं

मशीन स्थिर झाल्यावर ट्रफमधून नमुना काढा. कॉस्टिकसाठी १० मिली बाथ, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब, आणि १ नॉर्मल तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक अॅसिड. जितके मिली अॅसिड लागेल त्याला ४ ने गुणलं की लिटरमागचे ग्रॅम. १४.६ अपेक्षित असेल तर ३.६५ मिलीच्या आसपास गुलाबी रंग जायला हवा. सिलिकेट किंवा कार्बोनेट असेल तर तेही या आकड्यात शिरतं. म्हणून ताज्या, अचूक बनवलेल्या बाथचं टायट्रेशन करून तो आकडा लिहून ठेवा आणि तुलना त्याच्याशी करा.

पेरॉक्साइडसाठी १ मिली बाथ, थोडं पाणी, भरपूर पातळ सल्फ्युरिक अॅसिड, आणि ०.१ नॉर्मल परमँगनेट. परमँगनेटचा एक मिली म्हणजे शुद्ध पेरॉक्साइडचे १.७ मिलिग्रॅम. आपल्या ट्रफमधले ३६.६ ग्रॅम हे ५० टक्क्यांचे, म्हणजे शुद्ध १८.३. त्याला १०.८ मिलीच्या आसपास लागेल. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबा.

आता याच आकड्यावरून गुणक काढता येतो. समजा टायट्रेशनमध्ये ट्रफ ३६.६ ऐवजी ३३.३ निघाला आणि फीड व पिकअप दोन्ही बरोबर आहेत. ३० भागिले ३३.३ म्हणजे प्रभावी पिकअप ०.९०. कापडात राहून गेलेलं पाणी ०.१० लिटर. त्याला ०.६ ने भागलं की ०.१७, म्हणून गुणक ०.८३. हा आकडा त्या कापडासाठी, त्या वेगासाठी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी अंदाज लावावा लागणार नाही. पेरॉक्साइड ट्रफमध्येच फुटत असेल तर आकडा कमी येऊन गुणक खोटा चढा दिसतो, म्हणून कॉस्टिकवरूनही तोच हिशेब करून दोन्ही जुळतात का ते बघा.

रोजची आणखी सोपी तपासणी: पाळीत वापरलेलं फीड भागिले गेलेलं कापड. १२५० किलोला ५०० लिटर गेले असतील तर ०.४ बरोबर. ४३० लिटरच गेले असतील तर कुठेतरी पिकअप सरकलं आहे.

आतल्या पिळणीवर डोळा ठेवा

आतलं पिकअप ६० वरून ६५ झालं, बाहेरचं १०० च राहिलं, तर निव्वळ पिकअप ४० वरून ३५ वर येतं. पातळीवर चालणारं फीड तेवढंच कमी येतं आणि कापडावर ३० ऐवजी २६.२५ ग्रॅम बसतात. पाच टक्क्यांच्या ढिलाईने साडेबारा टक्के केमिकल गेलं. बाहेरचं पिकअप ८० असतं तर २० चं १५ होऊन चौथा हिस्सा गेला असता. दोन पिकअपमध्ये निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा, जास्त असेल तर उत्तम. आतली पिळणी जड आणि बाहेरची हलकी, हेच वेट-ऑन-वेटचं पथ्य. केमिकल कापडाच्या किलोवर मोजून डोस करणारी आणि पातळी फक्त पाण्याने राखणारी यंत्रणा असेल तर हा धोका बराच कमी होतो.

अंतर कमी असलं की काही कामं अशक्यच होतात. मर्सरायझिंगला (कापडाला चमक आणणाऱ्या तीव्र कॉस्टिकच्या प्रक्रियेला) ट्रफमध्ये लिटरला २७० ग्रॅम कॉस्टिक हवं. पूर्ण अदलाबदल, आत ६० आणि बाहेर १०० धरलं तर फीड लागेल ६७५ ग्रॅमचं. ५० टक्क्यांच्या लायमध्ये लिटरला सुमारे ७६३ ग्रॅम असतात, म्हणजे कसंबसं जमतं. आत ७५ असेल तर हिशेब १०८० वर जातो, आणि एवढी तीव्र लाय मिळतच नाही. शिवाय इतक्या जड लिकरला एक लिटर म्हणजे एक किलो धरता येत नाही. पिकअप वजनाचं असतं, म्हणून घनतेने भागून लिटर काढावे लागतात.

कापड मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची गोष्ट वेगळी आहे. कॅटायनिक (धन विद्युतभाराचा) सॉफ्टनर सुती कापडाकडे स्वतःहून ओढला जातो. ट्रफ पाण्यामुळे पातळ होतो त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टनर कमी होतो. फीडचं सूत्र तेच राहतं, पण ट्रफचा स्थिर आकडा वरच्या हिशेबाहून खाली येतो. तिथे ट्रफ लहान ठेवा आणि सुरुवातीचा बाथ मुद्दाम आणखी पातळ भरा. किती पातळ, ते पहिल्या लॉटच्या समोरच्या आणि शेवटच्या टोकाचं कापड हाताला सारखं लागतं का, यावरून ठरवा.